मनगटावरची रम

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एका तरुण मुलीला नणंद-भावजय अशा दोघींशेजारी जागा मिळाली. टेकते न टेकते तोच तिला रमचा ऊबदार, मसालेदार वास आला आणि तिने चमकून पाहिलं.

"बघ वहिनी, हीसुद्धा माझ्याकडेच बघतेय. प्यायलेली नाही गं बाई मी, मनगटावर रमच्या वासाचं अत्तर आहे ते."

"ऑफिसातही असंच बघतात?"

"साहेबांनी बाजूला घेऊन विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना?"

"अगंबाई! मग लावायचं बंद का नाही केलंत?"

"आणि तू हुंगणार काय? तापात वास गेला तुझा. डॉक्टर म्हणाले, रोज एखादा उग्र वास घ्या. आपल्या घरात माझ्या जिभेहून उग्र हे एवढंच सापडलं."

"कुपीतूनच हुंगलं असतं मी."

"हुंगलं असतंस! दोन दिवसांत कुपी कपाटात गेली असती. माझा हात समोर आला की तुला नाही म्हणवत नाही."

"वास कळेना म्हणून मी केकचं दुकान बंद केलं. पण तुम्ही नाही थकलात, वन्सं."

"पुरे कौतुक. हुंग. आणि माझं मन राखायला खोटं बोलू नकोस."

भावजयीने नणंदेचं मनगट नाकाशी धरलं आणि पदराने डोळे टिपले.

"काय गं? रडतेस कशाला?"

"यात दालचिनी आहे."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. आहे ना?"

"चला, तुमचा नंबर," दारातून नर्स म्हणाली.

"थांबा हो जरा," नणंद बाही वर सारत म्हणाली. "माझा दुसरा हात हुंगायचाय तिला."