बिनसोलांची आमटी

रत्नागिरी स्टँडवर नाटे गावची गाडी अजून लागली नव्हती. बाकावर एक म्हातारी आणि तिची पुतणी बोलत होत्या. त्याच गाडीसाठी शेजारी बसलेल्या दीपालीने त्यांचं बोलणं ऐकायला मोबाईल कधीच पर्समध्ये टाकला होता.

"काकी, काकांचं ध्यान कसं चाललंय?"

"चाललंय. पहाटे बसतात, तिन्हीसांजेला बसतात. देव आपल्या आतच आहे म्हणतात."

"चांगलंच की. पूर्वी केवढे तापट होते."

"आता आवाज म्हणून नाय. परवा बांगड्याची आमटी केली, त्यात मुद्दाम कोकमाची सोलं घातली नाय."

"मग? ताट भिरकावलं असेल."

"शांतपणे जेवले. छान झालीय म्हणाले."

"अगो बाई."

"देवीला मीच गाऱ्हाणं घातलं होतं, यांचा राग निवू दे म्हणून."

"देवीने ऐकलं की मग."

"ऐकलं."

गाडी लागली. पुतणीने पिशवी उचलली, पण म्हातारी उठली नाही. दीपालीही उठली नाही.

"जन्मभर बोटीवर होते गो. तेव्हाही मी अशीच वाट बघायची."

"आता तर घरातच असतात ना, काकी?"

"असतात. पण तेव्हा परत यायची तारीख ठाऊक असायची."