शुक्रवारचा पिझ्झा

शाळा मंडळाच्या सभेत बोलायला नावं दिलेल्यांची रांग होती. झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन मी उभी होते. माझ्यापुढे एक शिक्षिका आणि तिचे वडील.

"डार्ला, पुस्तक वाचलं की फुकट पिझ्झा, यात वाईट काय गं?"

"पिझ्झा कंपनीची जाहिरात आहे ती, डॅड. कुपनं त्यांची, वाटायची आम्ही शिक्षकांनी. माझ्या वर्गात, माझ्याच तोंडून. बंद करा म्हणणार आहे मी आज."

"आणि तू? शाळेत होतीस तेव्हा दर शुक्रवारी तेच कुपन नाचवत माझ्याकडे हजर!"

"पातळ पातळ पुस्तकं निवडायचे. लवकर संपावीत म्हणून."

"ठाऊक होतं मला. म्हटलं, घटस्फोटानंतर पिझ्झासाठी का होईना, पोर येते तरी."

"पिझ्झा मला आवडायचाच नाही."

"काहीतरीच! पिझ्झाच्या दुकानातल्या त्या लाल दिव्याखाली कडक कडासुद्धा चावत बसायचीस."

"कडा संपेपर्यंत तुझ्याजवळ बसता यायचं ना. फुकट जेवण असलं तरच आई पाठवायची तुझ्याकडे."

आतून तिचं नाव पुकारलं.

"हे सांगणारेस आत?"

"छे. ते आपल्या दोघांचं. हा माझा कोट धर. आणि डॅड, मी येईपर्यंत कुठे जाऊ नकोस."