येळाबाईचा मोडलेला खुबा

मंडळी, ऐका. देवापुढं दोन तास उभा राहणारा माणूस आईचं कण्हणं दोन मिनिटं ऐकत नसेल, तर त्याची भक्ती पोचते कुठं? नुसत्या माना डोलवू नका. आधी ऐका, मग सांगा.

कुसवड्याला येळाबाई नावाची म्हातारी. सत्तरीची, पाठीत वाकलेली. तिचा मुलगा ज्ञानू भजनात पखवाज वाजवायचा. हात असा गोड, की पाच गावांतून बोलावणं यायचं. ज्ञानूची मुलगी सुली अडीच वर्षांची, अजून उभी राहत नव्हती.

येळाबाई म्हणायची, "ज्ञानू, पोरीचे पाय वाकाय लागलेत रं. दवाखान्यात दाखव."

"चालाय लागली की होतील सरळ."

"अन् माझी कंबर? लई दुखतीया."

"वय झालं की तुझं, आई."

हसलात? तुमच्याही घरात हेच औषध चालतं — मला ठाऊक आहे.

शेवटी म्हातारीनंच नातीला कडेवर घेतलं अन् तालुक्याची एसटी धरली. दवाखान्यापाशी उतरताना पाय सटकला. पोरीला छातीशी धरलं, स्वतः कुशीवर आदळली. खुबा मोडला.

ज्ञानू धावत पोचला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मुलीला मुडदूस आहे, हाडं मऊ पडलीत. अजून वेळ गेलेली नाही. औषध द्या, उन्हात खेळू द्या, दूध-नाचणी द्या, पाय सुधारतील. आजींची हाडं ठिसूळ झालीत. पण ऑपरेशन लगेच केलं, तर त्या पुन्हा चालू शकतील."

भावकी म्हणाली, "या वयात चिरफाड कशाला?" आणि ज्ञानूनं पोरीचं औषध घेतलं, पण आईला तसंच घरी आणलं. लेप झाले, बांबूच्या पट्ट्या झाल्या. म्हातारी खाटेवरून उठली नाही. पाठीला जखमा पडल्या, छातीत कफ साठला.

चौथ्या महिन्यात सुली खाटेला धरून उभी राहिली अन् पावलं टाकू लागली. अशक्त झालेल्या येळाबाईला मान वळवता येईना. तिनं विचारलं, "ज्ञानू, पाय नीट टाकती का रं पोर?"

ज्ञानूनं वाकून पाहिलं. "टाकती, आई."

"मग झालं."

तिसऱ्या दिवशी ती गेली.

पुढं एकदा ज्ञानू मला भेटला. म्हणाला, "महाराज, ती रोज सांगत होती. रोज."

आता तुम्ही सांगा. इथं बसलेल्या किती जणांच्या आया आज घरी राहिल्यात, देवळाच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून? नेमकं कुठं दुखतं, विचारलंत कधी? जा, आत्ता जाऊन विचारा. आरतीला थोडा उशीर झाला तर देव थांबेल.