पोटावरचा दांड

(जुन्या वस्तूंच्या दुकानामागची खोली. टेबलावर लुगडी नेसवलेल्या पाच लाकडी बाहुल्या. बहीण आणि धाकटा भाऊ.)

धाकटा: ...हातमोजे कशाला घालतेस, ताई? बाहुल्या आहेत, मुडदे नाहीत.

ताई: हा वास कसला?

धाकटा: जुन्या मालाचं दुकान आहे. अत्तराचं नाही.

ताई: शिळ्या चहाचा येतोय. आणि सरसाचा.

धाकटा: संग्रहालयात कापडं हुंगून हुंगून तुझं नाक कुत्र्याचं झालंय. बस ना. तो गृहस्थ येईलच आता. तू एवढंच म्हणायचं, की लुगडीही बाहुल्यांइतकीच जुनी आहेत. तू म्हणालीस की त्याचा विश्वास बसेल.

ताई: बाहुल्या खऱ्या आहेत. रंगाला पडलेल्या भेगासुद्धा खऱ्या. पण हिला काष्टा घातलास, आणि आत परकर?

धाकटा: मग?

ताई: काष्ट्याखाली परकर कुणी नेसत नव्हतं. परकर आला गोल साडीबरोबर, फार नंतर.

धाकटा: आत डोकावून कोण बघणार आहे?

ताई: मी बघितलं.

धाकटा: बाहुलीचं लुगडं वर करून! आई असती तर पाठीत धपाटा घातला असता.

ताई: आईला मध्ये आणू नकोस. हे कापड तू चहात बुडवलंस.

धाकटा: थोडी रंगरंगोटी करावीच लागते.

ताई: मुळात जुनं कापड, ते बुडवून आणखी जुनं करायचं! कुठून आणलंस?

धाकटा: चिंध्यांच्या बाजारातून.

ताई: माझ्याकडे बघून सांग.

धाकटा: अगं, शपथ!

ताई: मग हिच्या पोटावर ही शिवण कसली?

धाकटा: नक्षी आहे ती. दिसावी म्हणून मुद्दाम पुढं घेतली.

ताई: नक्षी! अरे गाढवा, दांड आहे तो. लुगडं मध्येच विरतं. विरलेलं कापून टाकायचं आणि दोन्हीकडची धड टोकं जोडायची, म्हणजे आणखी काही वर्षं निघतात. ही त्या जोडाची शिवण. बायका ती निऱ्यांत लपवायच्या, चारचौघींत दिसू नये म्हणून. आई लपवायची. तू ती चव्हाट्यावर मांडलीस.

धाकटा: घरोघरी दांड घालायचे. हा आईचाच कशावरून?

ताई: टाके उलटे कललेत. डावरी होती ती.

धाकटा: ...तुला सगळंच कसं गं दिसतं?

ताई: कसर लागली म्हणालास. जाळून टाकलं म्हणालास. तिच्या माघारी मी एकच गोष्ट मागितली होती, हे लुगडं.

धाकटा: तू काय नेसणार होतीस? पँट घालून हिंडतेस. पेटीत कुजलं असतं. इथं निदान काचेच्या कपाटात जाईल, लोक बघतील.

ताई: तुकडे करून? सरसानं चिकटवून? आणि... थांब. हिचे केस लाकडाचे नाहीत.

धाकटा: केस राहू देत.

ताई: ही वेणी खऱ्या केसांची आहे.

धाकटा: ताई, राहू दे म्हटलं ना.

ताई: आईचं गंगावन.

धाकटा: गळलेल्या केसांचंच तर केलं होतं तिनं. डब्यात पडून होतं. कुणाच्या कामाचं... अगं, तोंडावर रुमाल काय धरतेस? पाणी देऊ?

ताई: तुझ्या हातचं नको. शी! खिळा मारलास त्याला, छोट्या. डोक्यात खिळा मारलास.

धाकटा: घंटी वाजली. आला तो. पाया पडतो तुझ्या, एवढं एक ‘हो’ म्हण. त्यात खोटं काय आहे? कापड जुनंच आहे.

ताई: तो चिमटा दे इकडे.

धाकटा: अगं, सोडू नकोस ती लुगडी! गिऱ्हाईक दारात आणि पाचही जणी उघड्या?

ताई: आहेत तशाच विक. लाकूड खरं आहे, ते मी सांगते त्याला.

धाकटा: आणि या चिंध्या नेऊन काय करशील? त्यांचं काय आता लुगडं होणार आहे?

ताई: दांड घालीन.

धाकटा: चार-चार दांड? दिसतील की सगळे.

ताई: दिसू देत. जा, दार उघड. आधी हात धू.