तिसरं बटण

— नाही रे, धुतो, रोज धुतो! नाक कशाला मुरडतोस? हा एकच नाहीये, सहा आहेत, सहाच्या सहा असेच — विटकरी चौकडी, अर्ध्या बाह्या — आणि खाली ही मातकट पँट, त्याही चार. बस ना त्या बाकावर. बॅग ठेव खाली, कोणी नेत नाही. आत नाही जायचं, आई झोपलीय, इथंच जिन्यापाशी बोलू. आणि हळू. — लोक हसत असतील म्हणतोस? हसू देत की! गोदामात मला ‘फोटो’ म्हणतात, ठाऊकाय? मी वजनकाट्यावर जाऊन बसलो की एकजण तरी म्हणतोच, आले, फोटो फ्रेममधून खाली उतरले. म्हणेनात का. तुला सांगतो, यासारखं सुख नाही. उठलो, अंघोळ केली, कपाटात हात घातला, हाताला येईल ते चढवलं — संपलं. कशावर काय जाईल, काल काय घातलं होतं — डोक्याला ताप नाही. तू बघ, तीन दिवसांसाठी दोन बॅगा भरून आलायस. — बरं, एका दिवसासाठी. संध्याकाळचं विमान. बरोबर आहे, तुला कामं असतात.

ओळखलास ना शर्ट? नीट बघ. हं — तुझाच. म्हणजे हा नाही, याचा बाप. अकरा वर्षांपूर्वी गेलास तेव्हा दारामागच्या खुंटीला टाकून गेलेलास, नव्या नोकरीत शोभणार नाही म्हणून. आईनं तो कोणाला देऊ दिला नाही. मी एकदा मागितला, तर म्हणाली, राहू दे, तुला नाही तो खुलायचा. मला! — असो. मग तिचं डोकं हे असं व्हायला लागलं. आधी शेजारीण विसरली, मग गॅस बंद करायचा विसरली, मग मी. जेवण वाढलं की ताट भिरकावायची, हा कोण बाप्या घरात शिरलाय म्हणून खिडकीतून ओरडायची. पाच महिने काढले तसे. आणि एक दिवस माझे सगळे कपडे बादलीत भिजलेले, म्हणून खुंटीवरचा तुझा शर्ट अडकवला अंगात नि चहा घेऊन गेलो — तर तिनं माझा गाल कुरवाळला रे. ‘आलास सोन्या? किती वाळलास!’ वाळलास म्हणे! मी, हे एवढं पोट घेऊन! — हसू नकोस. मी रडलो होतो.

मग काय, रोज तोच. विरायला लागला तेव्हा शिंप्याकडे नेला, म्हटलं, हुबेहूब असेच सहा शिवून दे. तो पडला हुशार, सगळी बटणं सारखी लावली. तुझ्या शर्टाचं तिसरं बटण वेगळं होतं, आठवतंय? कॉलेजात मारामारी करून तोडून आलास आणि आईनं घरात होतं ते लावून दिलं — काळं, कोटाचं, भलं मोठं. माझ्या कुठं ध्यानात! नवा शर्ट घालून गेलो, तिनं जवळ घेतलं, बोटं हळूहळू खाली आली — एक, दोन, तीन — आणि असं ढकललं की कॉटच्या पायावर आपटलो. ‘तू कोण?’ म्हणाली. त्याच संध्याकाळी काळी बटणं आणली, सहाही शर्टांना स्वतः टाचली, दहादा बोटात सुई घुसली. तेव्हापासून चूक नाही.

— आत जाऊन करणार काय? नाही ओळखणार तुला. तू फोनवर दिसायचास तेव्हा तिचं काय व्हायचं माहितीय? एक सोन्या समोर, एक त्या डबीत! घाबरून उशी तोंडावर ओढायची. म्हणून तर बंद केलं ते. हो, मीच. आई झोपलीय, आई अंघोळीला गेलीय, आज रेंज नाही — सगळं खोटं. दोन वर्षं खोटं बोललो नि तुला एकदाही संशय आला नाही. सोयीचंच होतं ना तुला? मग आता का तोंड पाडतोस!

— काय? एक शर्ट? दहा मिनिटांसाठी? वा रे वा! आहेत की आत, पाचही घड्या करून ठेवलेत. तुला बसेलही, तुझंच माप आहे, मला तर पोटावर तटतो. पण देणार नाही. — पाया कसला पडतोस, ऊठ! दादाच्या पाया पडायची आज आठवण झाली होय? अरे, तू तो घालून आत गेलास, तिनं तुला पोटाशी धरलं, की मी कुठं जाऊ? सांग ना! तुला मिळालंय रे सगळं, जन्मापासून मिळालंय. तापात मी फणफणलो तरी ती तुझाच डबा भरत बसायची. एकदा — कोणाला सांगू नकोस — एकदा मी तिला विचारलं. सोन्या होऊनच विचारलं, आई, दादा कसा होता गं? कितीतरी वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, ‘कोण? हां, तो. तो होता ना घरात.’ बस्स, एवढंच. कपाट असतं ना घरात, तसा. बावन्न वर्षांचा घोडा मी, मोरीत जाऊन नळ सोडून बसलो. तेव्हाच म्हटलं, खड्ड्यात गेला तो दादा. तिलाही नको नि मलाही नको.

चल, ऊठ आता. कोपऱ्यावर टॅक्सी मिळेल. — गप्प! जागी झाली बघ, तुझ्या हुंदक्यांनी. हलू नकोस. — काय गं आई? — काय म्हणतेस? — मोठ्यानं बोल —

ऐकलंस?

‘सोन्या, दादा आलाय का रे बाहेर? त्याला आत बोलाव, कधीची वाट बघतेय त्याची’ म्हणतेय. माझी. माझी वाट बघतेय रे.

— नाही गं आई, दादा कुठला! मीटर बघायला आलेत. — हो, आलोच मी.

जा तू. जिना उतरताना बूट वाजवू नकोस.