वरच्या खोलीतलं पोर

बायको : आणि आता म्हणतोस गाडीत झोपतो? अरे, भुताची एवढी भीती वाटते हे लग्नाआधी सांगायचंस ना!

नवरा : भुताबिताचं काही नाही. खोली कोंदट आहे.

बायको : कोंदट? दोन्ही खिडक्या सताड उघड्या आहेत, खालचा अख्खा बाजार ऐकू येतोय. या सराईतली नेमकी हीच खोली मिळावी म्हणून मी किती फोन केलेत माहितीये? आणि तू जिना चढल्यापासून एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसलायस.

नवरा : दार लावू नकोस.

बायको : इथेही तेच? घरात एका दाराला आतून कडी ठेवली नाहीस. पाहुणे बिचारे न्हाणीघरात गाणी म्हणत बसतात, कुणी आत शिरू नये म्हणून.

मालकीण : दार उघडं दिसलं म्हणून सरळ आलेच हो आत. हा घ्या चहा. या खोलीत उतरायचं म्हणजे छाती लागते, सांगून ठेवते. मागे एक जोडपं भर दुपारी पळालं. चपला इथेच टाकून!

बायको : सांगा ना सगळं. मी त्यासाठीच तर आलेय.

मालकीण : मी या घरची सून. ही गोष्ट माझ्या सासऱ्यांच्या वेळची. एक बाई उतरायला आली. तरणीताठी, देखणी. लहानगं पोर बोटाला धरलेलं. घरातून पळून आलेली. ज्याच्या भरवशावर आली, तो यायचा होता. आज येईल, उद्या येईल. कसला येतोय! वाट बघून बघून बाईचं डोकं फिरलं. तिने दाराला कडी घातली, आधी पोराच्या तोंडावर उशी दाबली, आणि मग स्वतः... ती तुळई दिसतेय ना, तिला.

बायको : बाई गं! पोरालासुद्धा?

मालकीण : तेच तर! आई कसली, कैदाशीण. ती गेली ती गेली, पोर मात्र अजून शांत नाही. अशीच दुपारची वेळ असते, आणि बाहेरून दारावर टकटक होते. हलकीशी. पार खालच्या अंगाला, पोराचा हात पोचेल तिथे. उघडून बघावं तर कुण्णी नाही.

बायको : बघ, काटा आला माझ्या अंगावर! अरे... चहा सांडतोय. ठेव तो कप खाली.

नवरा : पोर आत नव्हतं.

मालकीण : अं?

नवरा : खोलीत मेलेलं पोर बाहेरून दार कशाला वाजवेल, बाई? ते बाहेरच होतं. जिन्याच्या वरच्या पायरीवर.

मालकीण : साहेब, सगळा गाव हेच सांगतो. तुम्हाला काय माहीत?

नवरा : दार मीच वाजवत होतो.

बायको : ए, थट्टा पुरे.

नवरा : थट्टा नाही गं. ती माझी आई.

बायको : तुझी आई तापाने गेली.

नवरा : मामाने मला तेच सांगायला शिकवलं. शाळेत सांगितलं, शेजारी सांगितलं, तुलाही सांगितलं. सांगून सांगून तापच खरा झाला.

बायको : आणि मी या सराईचं नाव काढलं तेव्हा? हो कसा म्हणालास?

नवरा : तोंडातून निघून गेलं. वाटलं होतं, एव्हाना पाडली असेल. जिन्याचा कठडा हाताला लागला आणि कळलं, काहीच पाडलेलं नाही.

मालकीण : देवा रे. आणि मी आपली तुमच्याच तोंडावर... पण साहेब, ज्याच्यासाठी ती पळून आली तो?

नवरा : भाऊ होता तिचा. माझा मामा. घरी माझे वडील तिला जगू देत नव्हते. तिने निरोप धाडला, मला घेऊन जा. मामा निघालाही होता. मामीने अडवलं. म्हणाली, घरात आणखी दोन तोंडं आणून खायला काय घालणार? तो आला, पण एक दिवस उशिरा. तोवर एकच तोंड उरलं होतं.

बायको : मामी स्वतः असं म्हणाल्या?

नवरा : भांडणात एकदा तोंडातून गेलं तिच्या. मामा ताटावरून उठला. पुन्हा कधी तिच्यासमोर बसून जेवला नाही.

बायको : आणि त्या दुपारी?

नवरा : आईने माझ्यासाठी उकडलेलं अंडं सोललं. बशीत ठेवलं. म्हणाली, जा, खालून मीठ मागून आण. आचाऱ्याने माझ्या तळहातावर मीठ दिलं. वर आलो तर कडी लागलेली. मी वाजवत राहिलो. एकाच हाताने, दुसऱ्यातलं मीठ सांडू नये म्हणून. मग हाताला घाम सुटला, मिठाचं पाणी झालं. तेव्हा मी ओरडायला लागलो.

बायको : बस. नको सांगूस.

मालकीण : माझं चुकलं, साहेब. पण सासऱ्यांनी जे सांगितलं तेच मी पुढे सांगत आले. पदरचं थोडं घातलं असेल. लोक या खोलीच्या नावावर येतात. पोर मेलं म्हटलं की दचकतात. जिवंत आहे म्हटलं तर कोण जिना चढेल हो?

नवरा : तिला काय म्हणायचं ते म्हणा. पळून आली म्हणा, डोकं फिरलं म्हणा. पण तिने आधी मला खाली पाठवलं. तेवढं एकच तिच्याकडे होतं, बाई. तेवढं काढून घेऊ नका.

मालकीण : मी... चहा पुन्हा करून आणते.

बायको : गेली. चल, बॅगा उचल. मला इथे क्षणभर थांबायचं नाही.

नवरा : आज राहू.

बायको : आत्ता तर गाडीत झोपणार होतास!

नवरा : तेव्हा तुला माहीत नव्हतं.

बायको : इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपतोस आणि मला एक अक्षर... रागवायचंसुद्धा सुचत नाहीये. कडी नसलेल्या दारांवरून मी चारचौघांत तुझी टिंगल केली रे.

नवरा : बरं वाटायचं मला. निदान त्यावर कुणी हसतंय तरी.

बायको : एक विचारू? रागावू नकोस. तुला वाचवायला खाली पाठवलं, की तू आड येशील म्हणून?

नवरा : माहीत नाही. वाचवायला, असं मी ठरवून टाकलंय. ठरवल्याशिवाय जगता आलं नसतं.

(दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बॅगा घेऊन जिना उतरताहेत. खाली मालकीण नव्या पाहुण्यांना गोष्ट सांगते आहे.)

मालकीण : ...नाही हो, पोर वाचलं! आईनेच आधी त्याला खाली पाठवलं. म्हणजे बघा, मरणाच्या दारातही माया सुटली नाही तिची. आणि खरी गंमत पुढेच. तेच पोर, आता डोकं पिकलेलं, काल त्या खोलीत येऊन उतरलं! रात्रभर आईशी बोलत होतं. या कानांनी ऐकलं मी.

बायको : खोटारडी! रात्रभर शब्द काढला नाहीस तू. थांब, विचारतेच तिला.

नवरा : नको.

बायको : अरे, तिने तुझीच गोष्ट करून टाकली! उद्यापासून लोक तुला बघायला जिना चढतील.

नवरा : चढू देत. ‘खाली पाठवलं’ म्हणाली ना?

बायको : म्हणाली.

नवरा : आणि माया म्हणाली?

बायको : हो, तेही म्हणाली.

नवरा : मग थांब इथेच. सांगून होऊ दे तिचं.