हे तर उघडच आहे

मंडळी, ऐका! आपली चूक जगात कुणालाच दिसली नाही, एकट्या आपल्यालाच दिसली, तर ती सांगावी का? अहो, माना काय डोलावता! इथं सतरंजीवर बसून "सांगावी" म्हणायला काय जातं?

तर हेमांगी कारखानीस नावाची एक मुलगी. गणितात पीएच.डी. करणारी. आज तिची तोंडी परीक्षा! चिपळूणच्या कॉलेजात नोकरी ठरलेली, पण सोमवारी पदवीचं पत्र दाखवायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घरात कमावणारी ही एकटी!

विषय कुठला? टिल्टिंग! घाबरू नका. हे आमचे पेटीवाले दिगंबरपंत, हे तबलेवाले, हे झांजवाले. यांच्यावर कीर्तन तोललेलं, माझ्यावर नव्हे! बीजगणितातही असाच मोजक्या भागांचा मेळ असतो, त्यावर सगळी रचना तोलते. एक भाग काढावा, दुसरा बसवावा, मेळ पुन्हा उभा! हेमांगीचं म्हणणं — कुठलाही भाग काढा, बदली मिळतेच. याच पायावर प्रबंधाची सगळी माडी!

बाहेरून आलेल्या परीक्षक बोरवणकर बाई म्हणाल्या, "एक साधं उदाहरण दाखव, मग सही करते."

हेमांगीनं फळ्यावर दोन ठिपके काढले, मध्ये एक बाण. एक मोठा भाग, दोन्ही ठिपके व्यापणारा. एक छोटा, एकाच ठिपक्यावरचा. छोटा पुसला, दुसरा बसवला. मेळ उभा!

"छान! मोठ्याचंही असंच ना?" बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तिचे मार्गदर्शक टिळेकर सर घाईनं म्हणाले, "हो हो, ते उघडच आहे!"

प्रबंधातही तेच छापलेलं — 'हे उघड आहे.' अहो, गणितवाल्यांची ही खोडच! जिथं तपासायचा कंटाळा, तिथं 'उघड आहे'!

हेमांगीनं मनातल्या मनात मोठा भाग पुसला... एक ठिपका उघडा पडला! हा बसवून पाहिला — नाही. तो — नाही. त्या जागी पुन्हा तोच मोठा बसतो, दुसरा कुणीच नाही!

पेन कागदावर टेकलेलं. सर डोळ्यांनी खुणावताहेत. फक्त "हो" म्हणायचं! मंडळी, तुम्ही काय केलं असतं? आता नाही डोलत माना!

"बाई, सही करू नका. हे खोटं आहे."

"हेमांगी, खाली बस!" सर ओरडले.

ती बसली नाही. तिनं मोठा भाग खरोखरच पुसला. "इथं बदली नाही. टिल्टिंगमध्ये माझं प्रमेय पडलं. पण सिल्टिंगमध्ये उभं राहील!"

सिल्टिंग म्हणजे टिल्टिंगचा मोठा भाऊ, जरा ऐसपैस मनाचा. तिथं गेलेल्याला विसरत नाहीत. त्याला एक पायरी सरकवून मांडतात. म्हणजे 'इथं आता कुणी नाही' हेसुद्धा मेळात धरलं जातं! मग प्रत्येक भागाला बदली मिळते. प्रत्येक!

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "पुन्हा लिहून आण. आज पदवी नाही."

बाहेर आल्याबरोबर हेमांगीनंच चिपळूणला फोन लावला. "सोमवारी मी येत नाही. जागा दुसऱ्याला द्या." डोळ्यांत पाणी, पण आवाज सरळ.

सर चडफडले, "अगं, एक शब्द गिळला असतास तर!"

"सर, मग जन्मभर पोरांना तेच खोटं शिकवावं लागलं असतं."

मंडळी, आता आपलं बघा! भाऊ यायचा बंद होतो, सून माहेरी राहते, आणि पाहुण्यांना आपण हसून सांगतो, "आमच्याकडे सगळं ठीक!" लाज वाटते हो, मलाही वाटते! आज घरी पानं घ्याल ना, तेव्हा जो येत नाही त्याचंही पान मांडा. कुणी विचारलं, "हे कुणाचं?" तर नाव सांगा. आणि म्हणा, "माझ्यामुळे येत नाही." एवढं तोंडातून निघालं, की मग त्याच तोंडानं खुशाल देवाचं नाव घ्या!